डिझेलच्या रकान्यातली मेमरी

कोणी खोटं बोललं की राग येतो, आणि राग आला की निदान भांडता तरी येतं. माझ्याशी जो माणूस वाईट वागला तो खोटं बोललाच नाही, त्यामुळे माझं भांडण दीड वर्ष घशातच अडकून राहिलंय. ऑफिसातल्या गोष्टी ऑफिसात ठेवाव्यात म्हणतात. असं म्हणणाऱ्यांचं सहसा काही बिघडलेलं नसतं. माझं बिघडलंय, म्हणून मी लिहिते आहे.

तुर्भ्याच्या एका शीतगृहात मी सर्व्हर सांभाळते. आत गोठवलेला मटार, परदेशी सफरचंदं आणि कोळंबी असते, बाहेर ट्रक असतात. सर्व्हरची कामं दोनच. प्रत्येक थंड खोलीचं तापमान टिपत राहायचं आणि गेटवरच्या ट्रकांचे पास काढायचे. पास निघाला नाही तर ट्रक हलत नाही, आणि ट्रक हलला नाही की ड्रायव्हर ज्या भाषेत शिव्या देतात त्या ऐकून भारताची विविधता चांगली कळते. शिफ्टला आमचा एकच माणूस असतो. माझी पहिली शिफ्ट, सात ते तीन.

तेव्हा मला तिथे सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं मी कंत्राटावर होते. दर वर्षी एक कागद यायचा, मी सही करायची, पुढचं वर्ष सुरू. त्या वर्षी मात्र आमच्या विभागात एक जागा कायम होणार होती. कायम झालेल्यांच्या आईवडिलांना कंपनीचा मेडिक्लेम मिळतो. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले. उरणजवळच्या मोरा बंदरातली बाई, लग्नाआधी धक्क्यावर आणि लग्नानंतर सानपाड्याच्या बाजारात डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तिने आयुष्य काढलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून ठेवलं होतं आणि ती "बगू" म्हणत भिंत धरून संडासला जात होती. कायम होणं म्हणजे माझ्यासाठी ते गुडघे होते. बाकी मानपान कोणाला हवाय?

आता रजिस्टरचं सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आमचे मॅनेजर गोडाऊनच्या बाजूने वर आलेले. माणूस कष्टाळू, पण कॉम्प्युटर म्हणजे त्यांना मागच्या दारातून घरात शिरलेला पाहुणा वाटतो. वीज गेली की थंड खोल्या जनरेटरवर चालतात, म्हणून जनरेटरच्या डिझेलचं एक रजिस्टर असतं. तारीख, वेळ, शिल्लक, सही. शिल्लक पाव टाकीच्या खाली गेली की ताबडतोब कळवायचं. सर्व्हर आला तेव्हा त्यांनी त्याच छापखान्यातून तेच रजिस्टर छापून आणलं आणि 'डिझेल' खोडून त्या जागी 'मेमरी' लिहिलं. शिफ्टमध्ये दोनदा, म्हणजे माझ्या शिफ्टला सकाळी दहाला आणि शिफ्ट सुटताना, स्क्रीनवर 'फ्री' या शब्दाखाली जो आकडा दिसतो तो शिल्लक म्हणून लिहायचा. आम्हा शिफ्टवाल्यांपैकी कोणाला हसू आलं नाही, कारण तेव्हा आम्हालाही तेवढंच कळत होतं.

मला खरं वाचायला शिकवलं ते सरांनी. सर म्हणजे आमच्या विभागाचे सीनियर, साताऱ्याकडचे, आधीच्या नोकऱ्या धरून पंधरा वर्षं सर्व्हरवर काढलेले. मी नवी असताना एकदा फ्री मेमरी अर्धा जीबीवर आलेली पाहून मला घाम फुटला. मी धावत त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "बसनं येतीस ना?"

"हो सर."

"शेजारची सीट रिकामी असली की तू त्यावर बॅग ठेवतीस. कोण आलं की उचलतीस. बरोबर? मग कंडक्टरनं ती सीट भरली म्हणून मोजावी का रिकामी म्हणून?"

मशीनचं तसंच आहे, ते म्हणाले. जी मेमरी कोणी वापरत नाही तिच्यावर ते नुकत्याच वाचलेल्या फायली ठेवून देतं, परत लागल्या तर डिस्कपर्यंत जायला नको म्हणून. कोणाला जागा लागली की लगेच उचलतं. 'फ्री' म्हणजे जिथे बॅगसुद्धा नाही अशी सीट. ती कमीच असणार, असायलाच हवी. बघायचं असतं ते शेवटच्या रकान्यातलं 'अव्हेलेबल', म्हणजे बॅगा उचलून किती जणांना बसता येईल. त्या दिवशी फ्री अर्धा जीबी होतं आणि अव्हेलेबल बारा. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचा गार झालेला चहा परत गरम करून आणला.

पुढे त्यांनी खालची यादीही वाचायला शिकवली, ज्यात प्रत्येक चालू काम एकेका ओळीत दिसतं. कोणी सुरू केलं, किती मेमरी धरली, सध्या काय करतंय. यादीत मेमरीचे दोन आकडे असतात. पहिला प्रचंड मोठा, दुसरा माफक. पहिला म्हणजे लग्नाच्या पत्रिका किती वाटल्या, दुसरा म्हणजे पंगतीला प्रत्यक्ष किती बसले. आचाऱ्याने पंगत बघायची, पत्रिका मोजून पातेली चढवायची नाहीत. आणि एखाद्या ओळीत 'डी' अक्षर दिसलं तर समजायचं की हे काम डिस्कच्या दारात अडकून बसलंय, याला हाकलूनही हाकलता येणार नाही. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. ते एका रविवारी आमच्याकडे जेवायलाही आले होते. आईने सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. देशावरचा माणूस, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या.

आता रजिस्टरची फजिती अशी की शिल्लक कमी दिसली की मॅनेजरचा फोन यायचा. मग कुठल्याशा शिफ्टने एक कमांड शोधून काढली. ती दिली की मशीनने जपून ठेवलेल्या सगळ्या फायली एका फटक्यात बाहेर जातात आणि फ्रीचा आकडा टम्म फुगतो. आम्ही त्याला झाडू मारणं म्हणायचो. दहाला पाच कमी असताना झाडू मारायचा, फुगलेला आकडा लिहायचा, सही करायची. मॅनेजर खूश. म्हणजे बॅगा खिडकीतून रस्त्यावर फेकायच्या आणि कंडक्टरला सांगायचं, बघा गाडी किती रिकामी! झाडू मारला की मशीनला सगळं पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं पास रखडत निघतात. गेटवरचा क्लार्क रोज दहाच्या सुमाराला शिव्या खायचा आणि त्याला वाटायचं आपलं नशीबच दहाचं आहे.

मला ते सहन होईना. माझा स्वभाव असा, की जे कळलंय ते न कळल्यासारखं करायला मला जड जातं. मी सरांना जाऊन सांगितलं की मी झाडू मारणं बंद करते, आकडा खरा लिहिते.

 ते म्हणाले, "बरोबर हाय तुझं. लिही खरं. कोण काय बोललं तर मी हाय की."

मी हे वाक्य अक्षरशः लिहिलंय. त्यात माझं एक अक्षर नाही.

पंधरा दिवस मी खरे आकडे लिहिले. पॉइंट चार, पॉइंट पाच, पॉइंट चार. वरखाली बाकीच्या शिफ्टांचे अकरा, बारा. मॅनेजर त्या दिवसांत नव्या क्लायंटच्या मागे होते, रजिस्टर कोणी उघडलं नाही. दहा वाजता पास सुरळीत निघायचे. गेटवरचा क्लार्क मला म्हणाला, "मॅडम, हल्ली तुमची शिफ्ट मस्त चालते." मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

सोळाव्या दिवशी सकाळी अकराला सिस्टीम बसली.

पास निघेनात. खिडकीवर आरडाओरडा सुरू झाला. मी स्क्रीन उघडला. अव्हेलेबल मेमरी अकरा जीबी, म्हणजे जागेची काही अडचण नाही. प्रोसेसर तर चक्क निवांत. पण कामांची रांग चढत चाललेली, आणि यादीत एका ओळीपुढे डी, तिच्यामागे पासवाल्या सगळ्या ओळींपुढे डी, डी, डी. सगळे डिस्कच्या दारात, आणि दार एकानेच अडवलेलं. त्या पहिल्या ओळीत काम सुरू करणाऱ्याच्या रकान्यात सरांचं लॉगिन होतं.

मी त्यांना फोन लावला. ते मॅनेजरच्या केबिनमध्ये होते, क्लायंट समोर बसलेला. हळू आवाजात म्हणाले, "सगळ्या खोल्यांचा वर्षभराचा तापमानाचा रिपोर्ट काढतोय. ह्यांना आत्ताच पायजेल. अर्ध्या तासात हुईल, चालू दे."

असला रिपोर्ट ट्रकांच्या वेळेत काढायचा नसतो, हेही मला त्यांनीच शिकवलेलं. पण क्लायंट समोर असताना ते मॅनेजरना नाही म्हणू शकले नसतील. मी ते समजू शकत होते. मी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला नाही, कारण सीनियरचं नाव असलेला फोटो चारचौघांत टाकू नये एवढी अक्कल मला होती. तिला अक्कल म्हणायचं का, हा प्रश्न वेगळा.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. एक वाजता रिपोर्ट संपला आणि मिनिटभरात सगळं पूर्ववत चालू झालं. पण तोवर क्लायंटने खिडकीतून ती रांग पाहिली होती आणि जाताना मॅनेजरना काहीतरी लागेल असं बोलून गेला होता.

तीन वाजता मला केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजरसमोर रजिस्टर उघडं होतं. बाजूच्या खुर्चीत सर होते. त्यांना पाहून मला धीर आला, हे आठवलं की आज स्वतःचीच लाज वाटते.

"हे काय आहे?" मॅनेजरनी बोट ठेवलं. "दहा वाजता पॉइंट चार. अकरा वाजता सिस्टीम बंद. तुला दिसत नव्हतं खतम होतंय ते?"

"सर, तो आकडा कमीच असतो. पंधरा दिवस तेवढाच आहे बघा, तेव्हा काही झालं नाही."

"म्हणजे पंधरा दिवस तुला माहीत होतं!" ते खुर्चीतून पुढे आले. "आणि तू बोलली नाहीस? बाकी सगळ्यांच्या शिफ्टला अकरा-बारा आहे. तुझ्याच शिफ्टला संपते? डिझेल एवढं खाली गेलं असतं तर काय केलं असतंस?"

"सर, हे डिझेल नाही."

"मग काय आहे?"

मी सरांकडे पाहिलं. आता ते बोलणार, असं मला पक्कं माहीत होतं. बसची गोष्ट सांगतील. साधी गोष्ट आहे, मॅनेजरनासुद्धा कळेल. मी म्हटलंही, "सर, तुम्ही सांगा ना यांना."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "रीडिंग कमी होतं, हे खरंय."

आणि थांबले. मी वाट पाहिली, की हे वाक्य अजून पुढे जाणार आहे. गेलं नाही.

मग मी मोबाइल काढला आणि फोटो मॅनेजरपुढे धरला.  "यात सगळं आहे सर. मेमरी अकरा जीबी शिल्लक आहे. सगळं कशामागे अडकलंय तेही आहे. नावासकट आहे."

मॅनेजरनी फोटो लांब धरला, जवळ धरला. त्यांना त्यातलं काय कळणार? काळ्या पडद्यावर मुंग्यांसारखी अक्षरं. त्यांनी सरळ तो मोबाइल सरांच्या हातात दिला. "तुम्ही वाचा. काय म्हणते ही?"

वाचू शकणारा त्या खोलीत माझ्याखेरीज तोच एक माणूस होता. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. मी त्यांचे डोळे पाहत होते. ते वरच्या ओळीवर गेले, शेवटच्या रकान्यावर गेले, मग खाली यादीत उतरले आणि एका ओळीवर थांबले. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, यात मला तिळभर शंका नाही. मग ते परत वर गेले.

"फ्री तीनशे नव्वद एमबी दिसतंय, सर," ते म्हणाले. "म्हणजे रजिस्टरात लिहिलंय तेच."

आणि मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

मी ओरडायला हवं होतं. झाडूचं सांगायला हवं होतं, सगळ्यांच्या अकरा-बाराचं पितळ उघडं पाडायला हवं होतं. पण मी मोबाइल उचलला आणि बाहेर आले. परका माणूस असं वागला असता तर मी केबिन डोक्यावर घेतली असती. ज्याच्या हाताला धरून वाचायला शिकलो तोच आपल्यासमोर न वाचता आल्याचं सोंग करतो, तेव्हा काय करायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

कायमची जागा दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला मिळाली. त्याचे आकडे चांगले होते.

घरी आईला सांगितलं. ती पलंगावर पाय लांब करून तेल चोळत होती. मेडिक्लेम नाही म्हटल्यावर म्हणाली, "नाय तर नाय. माजं गुडघं काय पलून चाललंत?" मग मी सरांचं सांगितलं. तेव्हा मात्र तिचा हात थांबला. "आपल्याकडं जेवला ना तो मानूस? निदान बोंबलाची तरी आटवन ठेवायची." आणि ती पुन्हा तेल चोळू लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

आठवडाभराने सरांनी मला सानपाडा स्टेशनबाहेर गाठलं. चहा घेऊ म्हणाले. मी घेतला नाही, पण उभी राहिले. ते म्हणाले, "तू बरोबरच वाचलं हुतंस. मशीनला काय झालं नव्हतं. रिपोर्टनंच झालं." मग म्हणाले, "क्लायंटच्या कानावर माझं नाव गेलं असतं तर माझी गच्छंती हुती. रिटायर व्हायला माझी दोन वर्षं राहिल्यात. तुला अजून लई चान्स येतील."

त्यांना वाटलं असावं की एकांतात खरं बोललं की फिटलं. मला तर ते केबिनपेक्षा जास्त लागलं. केबिनमधल्या वागण्याला भीती तरी म्हणता आली असती. हे म्हणजे शांतपणे तोलून ठरवलेलं होतं. एका बाजूला त्यांची दोन वर्षं, दुसऱ्या बाजूला मी आणि माझ्या आईचे पाय. मी त्यांना विचारलं, "माझ्या आईला किती चान्स येतील, सर?" त्यांनी कप कडेला ठेवला आणि रस्ता ओलांडून निघून गेले.

महिनाअखेरीला माझं कंत्राट आलं. त्याला या वेळी आणखी एक कागद जोडलेला होता. चूक झालेल्या कर्मचाऱ्याला पुन्हा प्रशिक्षण दिल्याचा. विषय: मेमरीचं रीडिंग. प्रशिक्षण देणारे: सर. कालावधी दोन आठवडे. खाली छापलेलं, 'शिल्लक मेमरी कमी होणे धोकादायक आहे हे मला समजले आहे.' खाली माझ्या सहीची जागा.

सर कागद घेऊन स्वतः आले. म्हणाले, "बसायची काय गरज नाय. तुला सगळं येतंय. नुसती सही कर."

सही केली नाही तर कंत्राटही नाही. मी तो कागद तीनदा वाचला. त्यांनी मला पेन दिलं. मी सही केली. ते म्हणाले, "थँक्यू." अगदी मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना मी झाडू मारला. खिडकीवर पास रखडले, क्लार्कने कपाळावर हात मारला, मी मान वर केली नाही. रजिस्टरात अकरा पॉइंट सहा लिहिलं, सही केली आणि नव्या नियमाप्रमाणे पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. मॅनेजरनी लगेच अंगठा दिला. मी मोबाइल खाली ठेवणार, तेवढ्यात अंगठ्याशेजारी दोनचा आकडा आला. मी दाबून पाहिलं.

दुसरा अंगठा सरांचा होता.